वारं लागू नये म्हणून

आक्का बाळंतपणाला वडगावच्या घरी आली, तेव्हा थंडी पडायला लागली होती. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आप्पांचे दोन यंत्रमाग, मधे स्वयंपाकघर, मागे न्हाणी. वीज केव्हाही जाते म्हणून न्हाणीत गॅसचा गीझर बसवलेला. तो पेटायला बॅटरीचे सेल पुरतात. बसवणाऱ्याने वरची काचेच्या पट्ट्यांची खिडकी दाखवून सांगितलं होतं, ही कधी बंद करू नका. कुणी केलीही नव्हती.

बाळंतीण घरात आली आणि ती खिडकी बंद झाली. आईने पट्ट्यांच्या फटींत मागावरचं वाया गेलेलं सूत कोंबलं आणि वर जुन्या साडीचा बोळा दाबला. दाराखाली गोणपाट.

"मी काय लोणचं हाय व्हय गं, असं बरणीत घालून तोंड बांधायला?" आक्का म्हणाली.

"वारं लागलं की जलमभर कंबर धरून बसशील. मग आठवंल आई."

यावर घरात कुणाचंच दुमत नव्हतं. माझंही नव्हतं. बाळंतिणीला वारं लागू नये, हे आमच्याकडे कुणी कुणाला समजावून सांगत नाही.

रोज सकाळी आधी बाळाची अंघोळ होई. मग आई त्याला बाहेर आणून बाळोत्यात गुंडाळी आणि दार ओढून घेई. आत आक्का पाटावर बसून कमरेवर कढत पाणी घेत राही. गीझर त्या सगळ्या वेळात पेटलेला असे. बाहेर आल्यावर तिचं डोकं दुखे, कधी उमासे येत. आई म्हणे, ओलं अंग हाय, व्हणारच. बाळ अंघोळीनंतर हलवलं तरी जागं होत नसे. बघायला आलेल्या शेजारणी म्हणत, "लई गुणाचं हाय गं. पाणी पडलं की झोपतंय." आम्हाला ते ऐकून बरं वाटे.

त्या दिवशी मी घरीच होतो. वर्तमानपत्राच्या कचेरीत माझं काम दुपारी सुरू होई. आप्पा मागावर होते, आई स्वयंपाकघरात बाळाला घेऊन बसली होती. माग चालू असले की आमच्या घरात मोठ्याने बोलावं लागतं. शेजारच्या खोलीत भांडं पडलं तरी कळत नाही.

वीज गेली. दोन्ही माग थांबले.

त्या शांततेत न्हाणीतला आवाज ऐकू आला. नळाचं पाणी भरलेल्या बादलीवरून सलग खाली वाहत होतं. तांब्याचा आवाज नव्हता. पाणी अंगावर घेतल्याचा नव्हता.

आईने हाक मारली. पुन्हा मारली. तिसरी हाक आप्पांची होती आणि तोवर ते दाराशी पोचले होते. गोणपाट अडकल्यामुळे दार पुरतं उघडेना. खांद्याने ढकललं. आत गरम वाफ होती. आक्का भिंतीला टेकून बसली होती, मान छातीवर पडलेली. वीज गेली तरी गीझरची ज्योत जळत होती. आप्पांनी गॅस बंद केला. आम्ही तिला ओढत पुढच्या खोलीत आणलं आणि रस्त्याकडचं दार सताड उघडलं. आईने तिच्यावर चादर टाकली. दार लोटायला मात्र ती उठली नाही. बऱ्याच वेळाने आक्काने डोळे उघडले आणि तिला उलटी झाली. तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. रिक्षातही नाही.

इस्पितळात आक्काबरोबर बाळालाही तपासलं. आक्काच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. डॉक्टरांनी आधी न्हाणीच्या खिडकीची चौकशी केली.

"गॅसचा वास तर न्हवता की हो," आई म्हणाली.

गॅस गळाला तर वास येतो, डॉक्टर म्हणाले. कोंडलेल्या जागेत ज्योत जळत राहिली की जो विषारी वायू तयार होतो, त्याला वास नसतो, रंगही नसतो. माणसाला नुसती झोप येते.

झोप हा शब्द ऐकून आईने मांडीवरच्या बाळाच्या नाकापुढे बोट धरलं. श्वास लागत होता. तिने बोट काढलं नाही.

गीझर आता मागच्या भिंतीबाहेर आहे. आत फक्त नळ येतो. खिडकीतलं सूत आईने स्वतः उपसून काढलं. आक्का घरी आल्यावर पुन्हा अंघोळी सुरू झाल्या. दार अर्धवट उघडं असतं आणि आडोशाला आई साडी धरून उभी राहते. वाऱ्याने साडी हलते. आई त्या साडीकडे बघते. वारं लागण्याची भीतीही गेलेली नाही.

अंघोळीच्या वेळी आप्पा माग बंद ठेवतात. मधेच विचारतात, "हाईस न्हवं?"

"हाय," आतून उत्तर येतं.

काल उत्तर आलं नाही. आप्पा उठले. आईच्या हातातली साडी खाली पडली.

"तोंडावर साबण हाय की हो," आक्का म्हणाली.

कुणी हसलं नाही. आईने साडी उचलून पुन्हा धरली. आप्पा जागेवर जाऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं.