मिस्त्री, मी आणि मागचे दोन स्पीकर

गाण्याच्या नव्या संचातले मागचे दोन स्पीकर मी पुढं मांडले होते. मोठ्या दोघांच्या शेजारी, डब्यांच्या फळीवर लावतात तसे उतरत्या ओळीत, आणि वर क्रोशाचे रुमाल. पाहुण्यांना दिसायला नकोत का? तेव्हा मी पन्नाशीची होते, म्हणजे अगदीच अजाण.

मिस्त्री दारातच थबकले. दोन्ही हात गालांवर ठेवून म्हणाले, "वहिनी, कीर्तनात मागं सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांना बुवांच्या मांडीवर बसवलं की ओ!"

लातूरच्या आमच्या गल्लीत त्यांचं रेडिओ-स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं; सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. काम सुरू करण्याआधी तो काय करायचा, आठवून बघा. आमचे मिस्त्री खोलीच्या मधोमध मांडी घालून बसत आणि एकच टाळी वाजवत. "आधी खोली ऐकावी, मग यंत्र."

त्या दिवशी त्यांनी दोन्ही बारके उचलून सोफ्याच्या मागं, कानाच्या जरा वर बसवले. "पुढच्यांचं अंग लई मोठं. ह्या बारक्यांकडून जाड आवाज मागायचा न्हाई, तो पुढं धाडायचा. ह्यांनी नुसती झील धरायची. मागं कोणी हाय ते कळू नये, पण बंद केलं तर खोली उघडी पडावी."

मग यंत्रातून एकेका कोपऱ्यात नुसतं 'खस्स' वाजू लागलं. चारही खस्स सारखे यायला हवे होते. मला मधल्या खुर्चीवर बसवून मिस्त्री विचारू लागले, "कुठला मोठा वाटायलाय?"

"मिस्त्री तुम्ही का मी?" मी ठसक्यात विचारलं.

तेवढ्यात त्यांच्या पाठीमागं, स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून परात पडली. मी दचकून उभी राहिले. मिस्त्री यंत्राची कळ फिरवतच राहिले. मग त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि त्यांचा हात थांबला.

"वहिनी," ते हळू म्हणाले. म्हणजे त्यांना वाटलं हळू. "उजवा कान गेला, डावा चाललाय. गल्लीत कळलं तर कोण बोलवल? ह्या कानावरच पोट हाय."

मी वचन दिलं. नुसतं देऊन थांबते तर ती मी कसली? गल्लीत कुणाकडं असा संच आला की मी 'सहज' जाऊन मधली खुर्ची धरायची. पहिल्या खेपेला जुळलं तेव्हा मी खाकरून खूण केली. ज्याला ऐकू येत नाही, त्याला खाकरून! मग आम्ही खुणा बदलल्या. डावीकडं जास्त तर डाव्या कानातल्या कुडीला हात, उजवीकडं जास्त तर उजव्या. मागचे बारीक वाटले तर पदर डोक्यावर, मोठे वाटले तर खांद्यावर. सगळं जुळलं की पदर खोचायचा. मिस्त्री माझ्याकडं चोरून बघत आणि कळ केसभर फिरवत. टाळी मात्र आधी वाजवायचेच. तिचं त्यांना काय ऐकू यायचं, देव जाणे.

योग असा, की ज्या घरी मिस्त्री यायचे, तिथून मला आधीच चहाचं बोलावणं यायचं. ही माझ्या धपाट्यांची कीर्ती, असं मी समजत होते.

एकदा शेजारच्यांचे नांदेडचे जावई मोबाइलवर आवाज मोजायला बसले. एकेका कोपऱ्याचा आकडा बघून ते ओरडले, "मिस्त्री, कान हाय का तराजू!" मिस्त्रींना काही कळलं नाही. घाबरून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पदर पुन्हा एकदा खोचला. तेव्हा कुठं ते हसले आणि त्यांनी हात जोडले. जावयांना वाटलं, त्यांनाच.

पुढं मिस्त्री लेकीकडं किनवटला गेले आणि तिथंच वारले. त्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. आमच्या घरातले मागचे दोघं अजून झील धरून आहेत.

आता वचनातून सुटले, असं वाटून परवा मी कोपऱ्यावरच्या किराणावाल्या अप्पांना सगळं सांगितलं. एवढी वर्षं कुणाला पत्ता लागू दिला नाही, म्हणून चांगली फुशारकी मारली. अप्पांनी शेंगदाण्याची पुडी बांधली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले,

"अक्का, मिस्त्री तुमच्या घरात हळू बोलले ते माझ्या दुकानात ऐकू आलं होतं. आधी तुम्हाला चहाला बोलवायचं, मग मिस्त्रीला निरोप धाडायचा, असं समद्या गल्लीचं ठरलं होतं."