तंद्रीची छपरं

तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. घरी आणि गल्लीत ती तंद्री. भाजी निवडायला बसवलं की पानं कचऱ्यात आणि देठ पातेल्यात जायचे. हाक मारली तर ओ यायची, पण ती फार लांबून आल्यासारखी.

तिच्या बाबांचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, पावडरचा वास आणि समोरासमोर लावलेले दोन मोठे आरसे. आई दवाखान्यात नर्स. तिची दुपारपाळी असली की तंद्री शाळेतून थेट दुकानात यायची आणि बाकावर बसून त्या आरशांत बघत राहायची. आरशात आरसा, त्यात आणखी आरसा, बाबांची पाठ, पुन्हा बाबांचं तोंड. आत आत जाताना सगळं जरा हिरवट होत जायचं आणि किंचित एका बाजूला वळायचं.

"बाबा, शेवटचा आरसा कुठं असतो?"

"आई जेवायला हाक मारते ना, तिथं," बाबा कात्री न थांबवता म्हणाले. खुर्चीतलं गिऱ्हाईक इतकं हसलं की त्याचा एक कल्लाच वाकडा झाला.

मोठेपणी ती भौतिकशास्त्राला गेली. अभ्यास तिला कधी अभ्यास वाटलाच नाही. ताणलेल्या तारेचं समीकरण वहीत मांडलं की तिला ती तार दिसायची, तिच्यावरून सरकत जाणारी लाट दिसायची. सगळ्यात गंमत तिला याची वाटायची, की तारेसाठी मांडलेलं गणित थोडं फिरवलं की हवेतल्या आवाजालाही लागू पडतं. जणू जगाला मोजकीच वाक्यं येत होती आणि तेवढ्यांवरच सगळा संसार चालला होता.

प्रयोगशाळेत मात्र तिच्या हाताला यश नव्हतं. लंबकाचे हेलकावे मोजायचे, तर ही मोजणं विसरून नुसती त्याच्याकडे बघत बसायची. भिंग पुसायला घेतलं की निसटायचं. शेवटी प्रयोगाच्या सरांनी हात टेकले.

"पोरी, तुझं माहेर गणितात आहे," ते म्हणाले. "इथं तू पाहुणी आलीयस. चहा घे, पण वस्तूंना हात लावू नकोस."

शेवटच्या वर्षी पुढं काय, हा प्रश्न निघाला आणि दुकानात सल्ल्यांना ऊत आला. तोंडाला फेस लावलेली माणसं आरशातूनच बोलायची. एक म्हणे बँकेत घाला, एक म्हणे विमा कंपनीला अशीच डोकी लागतात. एकानं तर संगणक, संगणक असा धोशाच लावला. बाबा सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, "मान हलवू नका."

दुकान बंद करताना त्यांनी तिला विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?"

"तेच कळत नाही, बाबा. नुसत्या गणिताला गेले तर जग हातचं सुटेल असं वाटतं. इथंच राहिले तर हे असे हात."

बाबांनी फरशीवरचे केस एका कोपऱ्यात लोटले. "मला यातलं काही कळत नाही. पण जिथं गेलीस तिथून आमच्याशी बोलायला ये म्हणजे झालं."

ती सैद्धांतिक भौतिकशास्त्राला गेली. तिथं कागद, फळा आणि खिडकी, एवढंच सामान. तिच्या मार्गदर्शक मॅडम मितभाषी आणि मायाळू होत्या. त्यांनी तिला पृष्ठभागांचा प्रश्न दिला: कडा ठरलेल्या असतील, तर त्यांच्यावर ताणलेला सगळ्यात कमी क्षेत्रफळाचा पडदा कसा असेल? हे पडदे कुठल्या खोलीतले नव्हते. कुणी कधी पाहणार नाही अशा अवकाशातले होते. तंद्री त्यांच्यात बुडाली. वही भरायची, दुसरी उघडायची. खिडकीबाहेरच्या झाडाची पानं गळून पुन्हा फुटली, तेही तिला उशिराच कळलं.

ती सुखात होती, पण ते सुख स्वप्नातल्यासारखं होतं. स्वप्नात पोटभर जेवावं आणि उपाशी जागं व्हावं, तसं तिला सकाळी व्हायचं. सुट्टीत घरी आली, आईनं विचारलं, "हल्ली काय करतेस गं?" तंद्रीनं तोंड उघडलं, जरा वेळ तसंच ठेवलं आणि मिटून घेतलं. आई म्हणाली, "बरं, जेव आधी."

दुसऱ्या दिवशी आईनं तिला बाजारात पाठवलं. बाजाराच्या मोकळ्या जागेवर नवं छप्पर चढत होतं. पत्र्याचं नाही, कापडाचं. जाड पांढरं कापड चार खांबांना बांधलेलं होतं. समोरासमोरचे दोन कोपरे उंच, दोन खाली. कामगार दोर ओढत होते. आधी कापड ढिलं, सुरकुतलेलं, वाऱ्यावर फडफडणारं. मग ताण चढत गेला आणि एका क्षणी सगळी फडफड थांबली. कापड हवेत स्थिर झालं. एका दिशेनं बघितलं तर टेकडी, दुसऱ्या दिशेनं बघितलं तर दरी.

तंद्रीच्या हातातली पिशवी खाली पडली. हा आकार तिला पाठ होता. गेली दोन वर्षं ती त्यालाच कागदावर शोधत होती आणि तो इथं कांदे-बटाट्यांच्या ढिगांवर सावली धरून उभा होता.

किती वेळ गेला कोण जाणे. डोक्यावर टोपी घातलेला एक म्हातारा माणूस शेजारी येऊन उभा राहिला. "बाई, बटाटे घरंगळलेत तुमचे."

ते छप्पर त्याच्याच कारखान्याचं होतं. सगळे त्याला तंबूवाले काका म्हणत.

"हा आकार तुम्ही कशावरून काढलात?" तिनं विचारलं.

"या उद्या. दाखवतो."

कारखान्यात काकांनी तारेची एक वेडीवाकडी चौकट साबणाच्या पाण्यात बुडवून बाहेर काढली. चौकटीत पातळ पडदा धरला होता, आपोआप ताणून कमीत कमी क्षेत्रफळाचा झालेला. त्यावर रंग हळूहळू वाहत होते. तंद्रीनं श्वाससुद्धा बेतानं घेतला. पडदा थरथरला, एवढासा चमकला आणि फुटला.

"गेला," ती म्हणाली.

"पुन्हा बुडवायचं," काका म्हणाले. "हे हातानं मापून आम्ही कापड बेततो. गणितानं जमलं तर बरं होईल. तसं माणूस मिळत नाही."

"मला येतं ते," तंद्री म्हणाली. असलं वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं.

काकांकडे काम करणार, हे मॅडमना सांगायला ती घाबरत घाबरत गेली. त्या म्हणाल्या, "जा. पण अडलं तर कळव. मलाही बघायचंय खरं कापड काय म्हणतं ते."

खरं कापड आधी नाही म्हणालं. तंद्रीनं एकटीनं काढलेलं पहिलं छप्पर एका शाळेच्या अंगणावर चढलं. आकार इतका नितळ होता की ती स्वतःच त्याच्यावर भुलली होती. कोपऱ्यांच्या उंचीतला फरक तिनं अगदी नाममात्र ठेवला होता. कागदावर तेच देखणं दिसत होतं. पावसाळी दुपारी शाळेतून निरोप आला. ती आणि काका धावले. छपराच्या मधोमध पाण्याचं भलंमोठं पोट लोंबत होतं. काकांनी बांबूनं ते खालून उचललं आणि सगळं पाणी त्यांच्याच डोक्यावर आलं. मुलांनी खिडक्यांतून टाळ्या पिटल्या.

तंद्रीला रडू फुटलं. काका टोपी पिळत म्हणाले, "गणित चुकलं का तुझं?"

तिनं डोळे पुसून विचार केला. "नाही. पावसाला विचारायचं राहिलं."

"मग विचार की."

तिनं दोन कोपरे पुरते वर घेतले, उतार वाढवला, कापड नव्यानं बेतलं. महिनाभर तिच्या नाकी नऊ आले. बेतलेले पट्टे शिवायला ती स्वतः मशीनवर बसली. पहिल्या दिवशी सुया मोडल्या, मग मोडेनाशा झाल्या. ते छप्पर चढवलं तेव्हा तिनं मॅडमना बोलावलं. मॅडम आल्या, अंगणातल्या बाकावर चक्क आडव्या झाल्या आणि बराच वेळ वर बघत राहिल्या. जाताना त्यांनी कापडाचा एक उरलेला तुकडा मागून घेतला.

काका गेले, कारखाना पुढं तिच्याकडे आला. तिचे केस पांढरे झाले. तिनं बांधलेली छपरं बसथांब्यांवर आहेत, पोहण्याच्या तलावावर आहेत, एका दवाखान्याच्या दारात आहेत. लोक त्यांच्याखाली उभे राहतात, वाट बघतात, भांडतात, वर कुणी बघत नाही. तिला त्याचं काही वाटत नाही. मोकळ्या दुपारी ती त्यांतल्या एखाद्याखाली जाऊन बसते. कापडातून गाळून आलेला उजेड दुधासारखा पसरलेला असतो. शेजारी कुणाचं तरी तान्हं मूल मांडीवर झोपलेलं असतं, त्याच्या गालावर सावलीची कड हळूच पुढं सरकत असते, आणि ती कड पुढं कशी वळेल हे तंद्री मनातल्या मनात मांडत बसते.