हन्नाबाईला आंघोळ कोण घालणार

मरणाचं आपल्याला काही वाटत नाही, असं हन्नाबाई झिराडकर सगळ्यांना सांगायची. साफ खोटं. चौऱ्याहत्तरी उलटली, छातीत कळ आली, संभाजीनगरच्या डॉक्टरनं गोळ्या देऊन जपून राहायला सांगितलं, तेव्हापासून बाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तिचं गाव वेरूळच्या वरच्या डोंगरात. तिथं एके काळी बेने इस्रायलांची, म्हणजे आपल्या मराठी यहुद्यांची, अकरा घरं होती. तिचे आजोबा कोकणातून दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले, मागोमाग सोयरेधायरे. शुक्रवारी सांजेला अकरा घरांत शब्बाथचे दिवे लागायचे, नवसाचा मलिदा व्हायचा. मग निम्मी घरं इस्रायलला गेली, निम्मी गावाबाहेरच्या कबरस्तानात. बाई वारली की तिला बाईनंच आंघोळ घालायची, आणि ते काम चाळीस वर्षं हन्नाबाईनं केलं. धाकटी बहीण दीना गेली, तिलाही हिनंच घातली. आता गावात यहुदी म्हणून ही एकटी. हिला कोण घालणार? कुणीतरी घाईघाईत कसंही उरकून टाकील, या धास्तीनं तिला घास गिळेना.

शेवटी तिनं शेजारच्या ताहेराआपाला गाठलं. गावातल्या मुसलमान बायकांना शेवटच्या आंघोळीचा गुसल ताहेराच द्यायची, हात बसलेला. भर दुपारी हन्नाबाई मधल्या खोलीत फळीवर लुगड्यासकट आडवी झाली आणि शिकवू लागली. पालथं घालायचं नाही. पाण्याची धार मधे तुटू द्यायची नाही. आणि आधी नाव घेऊन माफी मागायची.

ताहेरानं रिकामा तांब्या उचलला. "शिमोनच्या लेकी, हन्ना, माझं काही चुकलं तर माफ कर."

मेल्यासारखं गप पडायचं ठरलं होतं. पण हे शब्द हन्नाबाई इतक्या जणींना बोलली होती, स्वतःच्या नावानं ऐकले पहिल्यांदाच. तिनं ताहेराचं मनगट धरलं.

"आपा, मला लई भेव वाटतंय गं."

ताहेरानं हात सोडवून घेतला नाही. तिच्या सुना मयताच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नव्हत्या, हे गावाला ठाऊक होतं. ती हळूच म्हणाली, "अन् मीच आधी गेले तर? मला कोण घालणार?"

याचा हन्नाबाईनं विचारच केला नव्हता. ती उठून बसली. तशीच फळीवरून उतरली, पदर खोचला आणि ताहेराच्या हातातला तांब्या घेतला.

"ये, निज इथं," ती म्हणाली. "तुमच्यात सुरुवात कुठून करतात, सांग."