द्वादशीच्या सकाळचं वजन

हुतुतूचा पहिला सामना बघायला गेलो तेव्हा चिरंजीव बाद झाले आणि मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. माझी समजूत अशी की, सात जण मिळून एकाच्या अंगावर पडतात, तर त्या खालच्याने नक्कीच काहीतरी मोठा पराक्रम केलेला असणार. पलीकडच्या संघाचे लोक इतके खूश झाले की त्यांनी सरकून मला बाकावर जागा करून दिली. मी बसलो. पुढचा अर्धा तास मी माझ्या मुलाच्या शत्रूंमध्ये बसून त्यांचे शेंगदाणे खात होतो.

घरी येताना चिरंजीव मान खाली घालून चालता चालता म्हणाले, "बाबा, पुढच्या वेळी आलात तर आधी आमच्या मास्तरांकडे बघा. ते हसले तरच टाळ्या वाजवा."

"आणि ते हसलेच नाहीत तर?"

"तर घरी जा."

त्या वेळी आम्ही डोंबिवलीला चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. मी, आमची सौभाग्यवती, चिरंजीव आणि माझी थोरली विधवा बहीण, जिला सगळी चाळ आक्का म्हणत असे. माझी नोकरी ठाण्याच्या कचेरीत. चिरंजीव मॅट्रिकच्या वर्गात होते आणि त्यांना कॉलेजात जायचं होतं. कोणत्याही बापाला हे ऐकून बरं वाटेल, मलाही वाटलं. मग कळलं की त्यांना कॉलेजात शिकायला जायचं नसून खेळायला जायचं होतं. मुंबईच्या एका कॉलेजचा हुतुतूचा संघ फार नावाजलेला होता. त्या संघात डाव्या कोपऱ्यात उभं राहणं हे त्यांच्या आयुष्याचं ध्येय होतं. कॉलेजात विषय कोणते घेणार, असं विचारलं की म्हणत, "जे असतील ते."

मी चिडलो आणि चिडलेला माणूस अटी घालतो तशी अट घातली. त्या कॉलेजच्या माणसाने तुला स्वतःहून बोलावलं तर कॉलेज. नाही तर मॅट्रिक झाल्यावर टायपिंगच्या क्लासला जायचं आणि माझ्या कचेरीत चिकटायचं. अट घालताना मला वाटलं, बोलावतोय कोण. पण चिरंजीव "बरं" म्हणाले आणि त्या दिवसापासून आमच्या घरातली शांतता संपली.

हुतुतूत दम टिकवावा लागतो, म्हणजे एका श्वासात "हुतूतूतू" म्हणत राहायचं. दम तुटला की गडी मेला. चिरंजीव हा दम घरात वाढवू लागले. विहिरीवरून पाण्याची कळशी आणताना, पायजम्याची नाडी बांधताना, भूगोलाचं पुस्तक उघडं ठेवून. संध्याकाळी मी कचेरीतून दमूनभागून यावं, तर खोलीच्या कोपऱ्यातून कुकरची शिट्टी बिघडावी तसा आवाज येत असायचा. त्यातच नव्या नियमांप्रमाणे आता "कबड्डी" म्हणायचं असं मास्तरांनी सांगितलं, म्हणून मग तेच सगळं पहिल्यापासून "कबड्डी"त. शेजारच्या वहिनींनी एकदा सौभाग्यवतीला दारात गाठून हळूच विचारलं, "तुमच्याकडे कोणाला उचकी लागलीये का हो? आमच्याकडे मधाचं चाटण आहे."

आणि मी काय करत होतो? मी त्याला खायला घालत होतो. मला खेळातलं काही कळत नसलं, तरी सात जण अंगावर पडणार असतील तर अंगात काहीतरी असायला हवं, एवढं मला कळत होतं. दुधाचा रतीब वाढवला. डिंकाचे लाडू करवून घेतले. मी स्वतः दोन्ही वेळा भातावर आणखी तूप वाढायला सांगायचो आणि सौभाग्यवती माझ्याकडे बघायची. "अहो," ती म्हणायची, "टायपिंगला एवढी ताकद लागते का?"

अशा रीतीने चिरंजिवांचा बांधा छान भरत आला आणि तेवढ्यात त्यांचे ड्रिल मास्तर घरी आले. गावातल्या तालमीत हुतुतूही हेच शिकवत. बुटके, घसा कायम बसलेला. चहा पुढे ठेवला तरी बशीकडे न बघता म्हणाले, "साहेब, माघात ठाण्याला सामने आहेत. त्या कॉलेजचे प्राध्यापक स्वतः येणार आहेत, मुलं हेरायला. याला बघतीलच. मात्र कुमार गटात उतरायचं तर वजन एकशे दहा पौंडांच्या आत लागतं."

"मग?"

"मग याच्याकडे बघा की."

आम्ही दोघांनी चिरंजिवांकडे बघितलं. ते लाडू खात होते.

स्टेशनाजवळच्या लाकडाच्या वखारीत मोठा काटा होता. तिथे एका पारड्यात जळाऊ लाकूड ठेवतात, त्या जागी मी माझ्या एकुलत्या एका मुलाला बसवलं आणि मण-शेरांचे पौंड केले. दोन पौंड जास्त. मी म्हटलं, चप्पल काढ. काढली. सदरा काढ. काढला. वखारवाला म्हणाला, "साहेब, आता साल काढायची बाकी राहिली."

मग उलटी गंगा सुरू झाली. दूध बंद, लाडू डब्यात आणि डबा माझ्या उशाशी. चिरंजीव पहाटे उठून नदीच्या वाटेने पळू लागले आणि पळून आले की इतकी भूक लागायची की त्या भुकेकडे बघून त्यांची आई रडकुंडीला यायची. मी कचेरीत गेलो की घरात काय चालायचं हे मला कळायला मार्ग नव्हता, पण वखारीचा काटा काही हलेना. सामन्यांच्या आदल्या आठवड्यातही पारडं तसंच. ड्रिल मास्तर घसा खाकरत म्हणाले, "एक दिवस पोटाला ताण द्या साहेब. आदल्या दिवशी काही खाऊ देऊ नका, दुसऱ्या दिवशी पोरगा आत बसतो."

मी पंचांग बघितलं. सामने रविवारी आणि आदल्या दिवशी शनिवारी एकादशी. मला वाटलं, प्रत्यक्ष विठोबाच आपल्या बाजूने कोपऱ्यात उभा राहिला. रिकामं पोट ठेव म्हटलं तर मुलगा कुरकुर करणार, आई कळवळणार. पण एकादशीचा उपास म्हटल्यावर आमच्या घरात कोण हूं की चूं करणार? मी शुक्रवारी रात्री जाहीर केलं, उद्या चिरंजीव एकादशी धरणार.

आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आयुष्यभर प्रत्येक एकादशी करत आलेली, आणि आमच्या घरात तिच्या मागे हे कोणी चालवील ही आशा तिने सोडून दिली होती. "पोराची पहिली एकादशी," ती म्हणाली. "नीट व्हायला हवी हो."

ती किती नीट होणार आहे हे मला कळायला हवं होतं. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. पण शनिवारी मला कचेरी होती. संध्याकाळी घरी आलो तर चिरंजीव भिंतीला टेकून बसलेले, चेहऱ्यावर एक सात्त्विक सुस्ती. सकाळी साबुदाण्याची खिचडी झाली होती, वर ताक. दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. तिसऱ्या प्रहरी रताळ्याचा कीस. उपासाने डोकं दुखायला नको म्हणून शिंगाड्याची लापशी. आणि शेजारच्या वहिनींकडून, मुलगा उपाशी आहे असं कानावर गेल्यामुळे, खजूर आणि केळी.

"हा उपास झाला?" मी सौभाग्यवतीला विचारलं.

"धान्याचा कण नाही गेला पोटात," ती म्हणाली. "तुम्ही एकादशी म्हणालात. उपाशी ठेव असं म्हणाला असतात तर मी ठेवलंच नसतं."

मी कपाळाला हात लावला आणि म्हटलं, असू दे. रात्रीतून काही उतरेल. सकाळी लवकर निघू, पाणीसुद्धा नको.

सकाळी सहाला मी कोट घालून दारात उभा, तर स्वयंपाकघरातून भाताचा वास येतोय. आक्काने अंघोळ करून, पूजा आटोपून तीन पानं मांडली होती. एकादशी करणाऱ्याने द्वादशीला सकाळी सकाळी बारस सोडायची असते, हे मी साफ विसरलो होतो.

"आक्का, त्याचं वजन करायचंय आज."

"करा की. मी कुठे नको म्हणते? बारस सोडल्याशिवाय तो उंबरठा ओलांडायचा नाही, एवढंच. केलेला उपास फुकट जातो."

"तो फुकटच गेलाय अगं."

"असं बोलू नये," आक्का शांतपणे म्हणाली आणि चिरंजिवांच्या भाताला आळं करून त्यात वरण ओतलं. वर तूप. सौभाग्यवती खाली मान घालून लिंबू वाढत होती. तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती. चिरंजिवांनी माझ्याकडे बघितलं, पानाकडे बघितलं, आणि आत्याचं मन मोडू नये म्हणून दोन वेळा भात घेतला.

ठाण्याच्या त्या शाळेच्या मैदानावर कापसाच्या वखारीतून आणलेला काटा लावला होता. चार पौंड जास्त भरले. वजनं बंद व्हायला तासभर होता. माझ्या अंगावरचा लोकरी कोट काढून मी चिरंजिवांना चढवला, वर ड्रिल मास्तरांची मफलर, आणि म्हटलं, पळ. माघातलं असलं तरी ऊन चांगलं चढलं होतं. चिरंजीव मैदानाला फेऱ्या घालू लागले आणि त्यांच्या मागे त्यांना "अरे जोरात, घाम यायला हवा" असं ओरडत त्यांचा बाप. मला जास्त घाम आला. मधेच एकाने मला विचारलं, "तुमचा गट कोणता?"

पुन्हा काट्यावर बसवलं. दीड पौंड जास्त. काट्यावरच्या गृहस्थांनी खडूने नाव खोडलं. बस, झालं.

चिरंजिवांनी कोट काढून घडी घालून माझ्या हातात दिला आणि मैदानाच्या कडेला जाऊन पाठमोरे उभे राहिले. इतके दिवस मी त्यांच्यावर, आक्कावर, गवळ्यावर, सगळ्यांवर चिडत आलो होतो. त्या पाठीकडे बघितल्यावर मला कोणावर चिडावं ते कळेना. टायपिंगचा क्लास ही माझीच कल्पना होती, आणि त्या घटकेला मला ती अगदी नकोशी झाली.

ड्रिल मास्तर तेवढ्यात त्यांच्या मोठ्या गटाच्या माणसांशी काहीतरी बोलून आले. त्यांच्या तालमीचा मोठ्या गटाचाही संघ उतरला होता, दाढीमिशावाल्या बाप्यांचा. "तिकडे वजनाची अट नाही," ते म्हणाले. "डाव्या कोपऱ्यात उभा करतो. हाड मोडलं तर मला बोलू नका."

समोर कोळशेतकडचा संघ होता. मिठागरांवर राबून मनगटं बाभळीच्या बुंध्यासारखी झालेली माणसं. त्यांचा चढाईवाला मध्यरेषेवर आला, त्याने आमच्या कोपऱ्याकडे बघितलं आणि थांबून विचारलं, "काय रं पोऱ्या, घरी जेवाया घालतान का नाय?"

बाकीचे हसले. चिरंजीव खरं सांगण्याच्या मनःस्थितीत नसावेत.

त्याच्या पहिल्या दोन चढायांत ते दोनदा मेले आणि दोन्ही वेळा आमच्या लोकांनी समोरचा गडी मारून त्यांना उठवलं. तिसऱ्या वेळी तो गडी परत फिरता फिरता आमच्या कोपऱ्यापासून वळला आणि चिरंजिवांनी खाली झेप टाकून त्याचा घोटा धरला. तो गडी थांबला नाही. "कबड्डी कबड्डी" म्हणत तो चालतच राहिला आणि माझा मुलगा छातीवर आडवा, मातीतून ओढला जातोय, पण हात सुटत नाही. मध्यरेषा वीतभर राहिली असताना उरलेले आमचे लोक येऊन पडले आणि त्याचा दम तुटला. आमचा संघ पुढे सडकून हरला. पण तो घोटा चिरंजिवांनी आणखी दोनदा धरला.

सामना संपल्यावर पांढऱ्या विजारीतले एक गृहस्थ माझ्याकडे आले. ड्रिल मास्तर मागून डोळ्यांनी खुणा करत होते, म्हणून कळलं, हेच ते प्राध्यापक.

"डावा कोपरा तुमचा?"

"हो."

"वजन काय आहे?"

कित्येक आठवडे जो भेटेल त्याला मी चिरंजिवांचं वजन कमी करूनच सांगत आलो होतो. जीभ त्याच वळणावर गेली. "एकशे नऊ," मी म्हणालो.

त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कमी आहे हो. कोपऱ्यातल्या मुलाला वजन हवं, म्हणजे ओढला जात नाही. कॉलेजच्या सामन्यांत वजनाचे गट-बिट काही नसतात." मग जरा जवळ येऊन, सभ्य माणूस सभ्यपणे विचारतो तसं विचारलं, "घरी फार उपासतापास आहेत का?"

मी हातातला घामाने ओला कोट पाठीमागे लपवला.

"जूनपर्यंत दहाएक पौंड चढवा," ते म्हणाले, "आणि मॅट्रिक पास होऊन मला भेटायला सांगा. पास मात्र व्हायला हवा."

चिरंजीव पलीकडे नळाखाली छातीवरचं खरचटलेलं धूत होते. मी जाऊन सांगितलं. त्यांनी मान वर केली, तोंडातलं पाणी थुंकलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "मग बाबा, आता काही खाल्लं तर चालेल?"

घरी आक्काने सगळं ऐकून देवापुढे साखर ठेवली. एकादशी पावली, यात तिला तिळभर शंका नव्हती, आणि ती नाही असं म्हणायला माझ्याजवळ काही पुरावाही नव्हता. सौभाग्यवती चिरंजिवांच्या छातीला हळद लावत होती. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. प्राध्यापक काय म्हणाले, मी काय म्हणालो, कॉलेज सकाळी साडेसातला भरतं, त्याआधी तासभर मैदानावर सराव असतो. ती ऐकत होती, हळद लावायची थांबली नाही.

"म्हणजे पहाटेची पहिली गाडी," ती म्हणाली. "निवड झाली, चांगलंच झालं. पण साडेतीनला उठून याच्या डब्याच्या पोळ्या लाटायच्या कोणी, तीही निवड तुम्ही तिथे परस्पर करून आलात का?"