शेपूटतुटका कुत्रा कुणाच्या पायाशी

मार्सियानो कांचारी आमच्या गावात फळ्या रंगवतो. कुणी नवं घर बांधलं की घरधन्याचा मानलेला भाऊ एक लांब फळी भेट देतो. तिच्यावर खालून वर सगळे नातेवाईक रंगवलेले असतात. ती एकदा छताच्या वाशाला बांधली की घर पडेपर्यंत उतरत नाही. एवढं जोखमीचं काम, आणि ते कुणाच्या हाती? ज्याला स्वतःचं कुंपण धड घालता आलं नाही त्याच्या! टोपी उंदरांनी कुरतडलेली, नखांत कायम तांबडी माती. बायको त्याला कंटाळून वर गेली असं मी म्हणते. ताप आला होता असं तो म्हणतो.

आयाकुचो शहरातून आलेले लोक त्याच्या फळ्या बघून माना डोलावतात. त्यांचं काय जातं? त्यांना कुठे त्या फळ्यांखाली झोपायचंय.

आणि प्रत्येक फळीवर त्याची ती खूण, शेपूटतुटका पिवळा कुत्रा. त्याचा पहिला कुत्रा तसा होता. तो मेला, दुसरा आला. त्याला चांगली झुबकेदार शेपटी आहे, पण फळीवर तुटकीच. ज्या माणसात मार्सियानोला काही चांगलं दिसलं, त्याच्या पायाशी हा कुत्रा बसतो. बरं, या बावळटाला दिसतं तरी काय? गुरं चोरणाऱ्या तेओदुलोच्या पायाशी बसवला! मी विचारलं तर म्हणतो, "अगं एउदोसिया, बैल नेला त्याने, पण जाताना गोठ्याचं दार लावून गेला. वासरू बाहेर पडलं नाही."

"मग आता चोराची आरती करू का?"

"कर की," म्हणाला मेला.

यंदा माझ्या लेकाचं, विदालचं, घर झालं. तीस वर्षं मी चर्चची फरशी पुसते, गावातल्या प्रत्येक छप्पर घालायच्या जेवणाला बटाटे सोलते. तरीही कुत्रा माझ्या पायाशी नसला तर सून रोज उताणी पडून वर बघणार आणि हसणार. चोराला कुत्रा, सासूला नाही! या विचाराने माझी झोप उडाली. शेवटी गेले त्या गबाळ्याकडे चीज घेऊन. एक दिवस नाही, सात दिवस.

दारात त्याचा तो झुबकेदार कुत्रा पसरलेला. हाच चोरटा नऊ वर्षं माझ्या ओट्यावर वाळत घातलेलं चीज पळवतो आणि नऊ वर्षं मी त्याला गोफणीने दगड मारते. मेंढ्यांमागे जन्म गेलाय माझा. पन्नास पावलांवरचा कोल्हा एका दगडात लोळवते मी.

"मला कसं काढलंयस?" मी विचारलं.

"जसं दिसलं तसं."

"तुला दिसतंय तरी का? डोळ्यांत मोतीबिंदू झालेत."

"चीज छान झालंय गं," म्हणाला, आणि अर्धं कुत्र्याला घातलं. माझ्या डोळ्यांदेखत!

छप्पर घालायच्या दिवशी ढोल-बासरी वाजवत फळी आली. मक्याची दारू पीत सगळे फळीभोवती जमले. खाली विदाल, शेजारी सून, वर तिचे आई-बाप. मग मी. हातात गोफण, दगड हवेत आणि पायाशी चीज खात बसलेला तो शेपूटतुटका कुत्रा.

सारा गाव खो खो हसला. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"मेल्या, मला दगड मारताना काढलंस? जन्मभरासाठी?"

"मग? मारतेसच ना?"

"मारते! शंभरदा मारीन!"

"कोल्हा तुझ्या एका दगडात पडतो," मार्सियानो म्हणाला. "हा तर दहा पावलांवर बसून निवांत खातो. नऊ वर्षांत याला एकही लागला नाही."

लोक हसायचे थांबले.

"ऊन डोळ्यांवर येतं," मी म्हणाले.

"रोज?"

सून माझ्याकडे बघायला लागली. ते मऊ बघणं मला अजिबात नको होतं. चोरी पकडल्यासारखी लाज वाटली मला. तिकडे फळी वाशाला बांधूनही झाली. त्या माणसाला मी कधीच क्षमा करणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रा आला. शेजारणी कुंपणावरून बघत होत्या, सून दारात उभी. मी गोफण फिरवली. इतक्या जणींसमोर नेम चुकवणं फार अवघड असतं.

चुकवला.