राव सरांची दुपारची झोप

१९ मे २००८, सोमवार. कत्तिरीचं ऊन, म्हणजे मद्रासच्या उन्हाळ्यातले सगळ्यांत वाईट दिवस. आभाळ पांढरंफटक. समुद्राचा वारा दुपारी तीनपर्यंत आला नाही.

माणूस ऑफिसात रोज समोर दिसतो तोवर त्याचे किस्से कुणी सांगत नाही. ते नुसते साठत राहतात, माळ्यावर टाकलेल्या जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांसारखे. मग एके दिवशी त्याची जागा रिकामी दिसते आणि कुणीतरी पहिली गुंडाळी सोडतं. आज चहाच्या वेळी तेच झालं. राव सर आले नव्हते. त्यांची वेताची खुर्चीही जागेवर नव्हती. शनिवारी काय झालं ते आमच्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतः पाहिलंय, पण त्याबद्दल कुणी अवाक्षर काढेना. म्हणून सगळे जुनंच बोलत बसले.

राव सर आमच्या आर्किटेक्ट फर्मचे मालक. तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. मी सांगलीहून ड्राफ्ट्समन म्हणून त्यांच्याकडे आलो तेव्हा फर्म म्हणजे अड्यारमधल्या त्यांच्या घराची पुढची खोली, दोन ड्रॉइंग बोर्ड आणि आम्ही दोघं. त्यांची मराठी ऐकून पहिले काही महिने मला वाटायचं, कुणीतरी बखर वाचून दाखवतंय! आता फर्मला स्वतःची चार मजल्यांची बिल्डिंग आहे. तेवढ्या वर्षांत सगळं बदललं. सरांनी एकच नियम धरून ठेवला होता: नव्या इमारतीत बसून आपल्याला झोप लागल्याशिवाय तिच्या पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही करायची नाही.

*

हा नियम पडला कसा, ते आधी सांगतो.

आमचं पहिलंच घर. मालक बँकेतले साहेब. मे महिन्यात भर दुपारी आम्ही किल्ल्या द्यायला गेलो, तर साहेबांचा पत्ता नाही. वीज अजून जोडलेली नव्हती. राव सर पश्चिमेच्या खोलीत वेताच्या खुर्चीवर टेकले आणि किल्ल्यांचा जुडगा हातात धरून वाट बघू लागले. थोड्या वेळानं घोरण्याचा आवाज सुरू झाला. घोरणं खोल गेलं, बोटं सैल पडली आणि जुडगा खळ्ळकन फरशीवर! तरी जाग नाही.

नेमके तेव्हाच साहेब दारात. "वा! मला झोपाळू आर्किटेक्ट मिळालाय!"

मी सरांना हलवून हलवून उठवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाले, "मे महिना आहे. पश्चिमेची खोली आहे. फॅन नाहीं. आणि मज झोप लागली. ह्याहून मोठें सर्टिफिकेट कोण देणार तुम्हांस?"

तेव्हापासून प्रत्येक घराला हीच परीक्षा. तीच वेताची खुर्ची, फॅन बंद, किल्ल्या हातात. आधी घोरणं, मग किल्ल्या पडणं. पडल्या की घर पास. सरांच्या पत्नी कमलाक्का दर वेळी मला ऐकवायच्या, "पाहा माने, स्वतःच्या घरीं रात्रभर जागे, आणि लोकांच्या घरीं दुपारीं झोपतात!"

*

एकदा सरांना कावीळ झाली. अण्णानगरातलं घर तयार, गृहप्रवेशाचा मुहूर्त ठरलेला आणि सर अंथरुणात. त्यांनी मुरुगेसनला बोलावलं. मुरुगेसन आमचा पहिल्या घरापासूनचा मेस्त्री. जेवल्यावर उभ्या उभ्या झोपेल असा गडी. सर त्याला म्हणाले, "माझ्या बदली तू बस."

संध्याकाळी तो खुशीत आला. "अय्या, पास! किल्ल्या पडल्या!"

सरांनी पिवळे डोळे अर्धवट उघडले. "घोरलास?"

मुरुगेसन खांद्यावरचा टॉवेल सारखा करायला लागला.

"विचारतोय मी. घोरलास का?"

"घरमालक दारातच उभा होता, अय्या. सारखा घड्याळाकडे बघत होता."

दोघंही तमिळमध्ये बोलत होते. सर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "किल्ल्या टाकायास झोप कशाला पाहिजे?"

गृहप्रवेशाला पाहुणे आले तेव्हा पश्चिमेच्या भिंतीत एक नवीकोरी खिडकी होती, आणि होमाच्या धुरात ओल्या सिमेंटचा वास मिसळला होता.

*

सगळेच किस्से हसण्याचे नाहीत. एग्मोरला, स्टेशनच्या मागच्या बाजूला, फ्लॅटची एक मोठी स्कीम आम्हाला मिळाली. तोवरचं सगळ्यांत मोठं काम. आम्ही नवे ड्राफ्ट्समन घेतले, अड्यारच्या घराच्या व्हरांड्यातही टेबलं टाकली. पण बिल्डरनं बांधताना मधला चौक बुजवला, त्या जागी आणखी खोल्या काढल्या. सर जाऊन बसले. एक दिवस झोप नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. घामानं नुसते निथळले, पण डोळा लागेना.

बिल्डर म्हणाला, "राव सर, माझी माणसं रात्री झोपतील. तुम्ही दुपारचं कशाला बघता?"

सरांनी सही दिली नाही. बिल्डरनं दुसऱ्या आर्किटेक्टची आणली आणि पुन्हा आमच्याकडे कधी फिरकला नाही. त्याच्या ओळखीतले बिल्डरही गेले. नवे ड्राफ्ट्समन एकेक करून गेले. व्हरांड्यातली टेबलं आत आली. पुन्हा आम्ही दोघंच. श्रीधर, म्हणजे सरांचा मुलगा, तेव्हा शाळेत होता. स्वयंपाकघरातून कमलाक्कांचा आवाज यायचा, "घोरून पोट भरत नाहीं म्हणून सांगा त्यांस!" तो घरातला अबोला श्रीधरनं जवळून पाहिला. तो ते विसरला नसावा.

बऱ्याच वर्षांनी एक गृहस्थ आपल्या घराचं काम घेऊन आले. म्हणाले, "सर, सध्या मी एग्मोरच्या एका फ्लॅटमध्ये राहतो. तिथं दुपारी झोपच येत नाही हो!"

"ठाऊक आहे," सर म्हणाले. "मीही तेथें जागलों आहें."

*

मग श्रीधर परदेशात शिकून आला आणि फर्म पळायला लागली. आयटीवाल्यांची ऑफिसं, कॉलेजं, हॉस्पिटलं. स्वतःची बिल्डिंग झाली. कॉम्प्युटर आले, ड्रॉइंग बोर्ड माळ्यावर गेले. मीही पन्नाशीच्या तोंडावर माउस धरायला शिकलो.

अदिती नावाची पुण्याची मुलगी आमच्याकडे लागली. हुशार आणि तोंडाची गोड. तिनं एकदा राव सरांना मुद्दाम बोलावून स्क्रीनवर दाखवलं, बिल्डिंगचा कोणता भाग किती तापणार ते. तापणारा भाग लाल, त्याहून कमी तो पिवळा, थंड तो निळा. सर खुर्ची ओढून बसले आणि मन लावून बघत राहिले. मध्ये मध्ये "सरि, सरि", म्हणजे बरं बरं, म्हणत होते.

अदितीला हुरूप आला. "सर, आता बांधायच्या आधीच सगळं कळतं!"

"फार सुंदर आहे," सर म्हणाले. त्यांनी स्क्रीनवरच्या पश्चिमेच्या खोलीवर बोट ठेवलं. "ह्यांत झोपेचा रंग कोणता?"

अदिती हसली. सर हसले नव्हते. ते खरंच विचारत होते.

*

मोठी कामं आली तशी सरांची बैठक मागे पडली. कंपन्यांना तारखेला ताबा लागतो. श्रीधर स्वतः सही करायचा. सरांचा नियम राहत्या घरांपुरता उरला, आणि राहती घरं आमच्याकडे येईनाशी झाली.

वरच्या मजल्यावर सरांना मोठी केबिन होती, एसीवाली. तिथं त्यांना झोप येत नसे. त्यांनी बिल्डिंगभर फिरून शेवटी एक जागा शोधून काढली: तळमजल्यावर जिन्याखाली, जिथं पार्किंगच्या उतारावरून वारा येतो. जेवण झालं की वेताची खुर्ची तिथं. वॉचमन त्यांना चांगला ओळखायला लागला, रिसेप्शनिस्ट मात्र ओळखत नव्हती!

एका दुपारी परदेशी क्लायंट आले. गाडी पार्किंगमध्येच लागली. श्रीधर आणि मी घ्यायला गेलो, तर जिन्याखाली सर घोरत पडलेले.

पाहुण्यानं विचारलं, "हे कोण?"

श्रीधर म्हणाला, "आमचे सीनियर कन्सल्टंट."

पाहुणे हसत लिफ्टकडे गेले. मी मागे वळून पाहिलं. घोरणं थांबलं होतं.

संध्याकाळी निघताना सरांनी मला हाक मारली. "माने, माझें अपॉइंटमेंट लेटर तुम्हींच टाइप केलें कां?"

*

आता शनिवारचं.

अंबत्तूरची आयटी बिल्डिंग. पहिल्या रेषेपासून श्रीधरचं स्वतःचं डिझाइन, म्हणून आधीच्या कामांपेक्षा निराळी. गेल्या आठवड्यात तो सरांकडे आला तेव्हा मी तिथंच होतो.

"अप्पा, सही मी करूं शकतों. बट ह्याच्यावर मज तुमची पाहिजे. तुम्ही येऊन बसा."

सरांनी ड्रॉइंग जवळ ओढलं. "काच आहे."

"होय."

"खिडकी उघडते कां?"

"नाहीं, अप्पा."

"नियम ठाऊक आहे ना? फॅन बंद म्हणजे एसी पण बंद."

"ठाऊक आहे."

"आणि झोप नाहीं लागली तर?"

श्रीधरचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा झाला होता. सर म्हणाले, "बसतों."

शनिवारी मुरुगेसननं खुर्ची सहाव्या मजल्यावर नेली. त्याचे केस आता पांढरे झालेत, पण खुर्ची तो दुसऱ्या कुणाला उचलू देत नाही, आणि श्रीधरला अजून तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतो. पश्चिमेची मीटिंग रूम, तीन बाजूंना काच, खाली गालिचा. त्या बिल्डिंगला किल्ल्याच नाहीत, दारं कार्डानं उघडतात. श्रीधरनं ते कार्ड सरांच्या हातात दिलं, एसी बंद करायला लावला आणि दार ओढून घेतलं. क्लायंटची माणसं, अदिती, मुरुगेसन, मी, सगळे बाहेर कॉरिडॉरमध्ये काचेशी उभे राहिलो. आतला शब्दही बाहेर येत नाही, हे श्रीधरनंच मघाशी क्लायंटला कौतुकानं सांगितलं होतं.

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटले. ऊन थेट त्यांच्या गुडघ्यांवर येत होतं. सदऱ्याची पाठ हळूहळू काळी पडत गेली. कपाळावरचा घाम भुवईपाशी थांबे आणि मग गालावरून खाली ओघळे. त्यांनी तो पुसला नाही. क्लायंटचा एक माणूस कुजबुजला, "हे काय चाललंय?" श्रीधर काचेला हात टेकून उभा होता.

बऱ्याच वेळानं सरांची बोटं सैल झाली. कार्ड गालिच्यावर पडलं. आवाज झाला नाही.

"पास!" अदिती ओरडली. क्लायंटच्या माणसांनीही टाळ्या वाजवल्या. मुरुगेसननं वाजवल्या नाहीत. तो पुढे झाला आणि त्यानं काचेला कान लावला.

श्रीधरनं ते पाहिलं. टाळ्या थांबल्यावर त्यानं हळूच विचारलं, "मेस्त्री, घोरतायत का?"

"काचेतून ऐकू येत नाही, तंबी."

श्रीधरनं दाराच्या मुठीला हात लावला. दार उघडायच्या आत सरांनी डोळे उघडले होते.

"अप्पा, पास?"

"पास."

त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. मी दाखला पुढे धरला. त्यांनी पूर्वीसारखीच, पूर्ण नावाची सही केली. श्रीधर वाकून त्यांच्या पाया पडला. मुरुगेसन खुर्ची उचलायला गेला तेव्हा सर त्याला म्हणाले, "राहू दे तिथंच."

इमारतीचा ताबा त्याच संध्याकाळी दिला. खुर्ची सहाव्या मजल्यावर, पश्चिमेच्या खोलीत आहे.