सगळ्याला मंजूर म्हणणारी बाई

इतकी वर्षं खाकी अंगावर वागवली, पण ती एक घटना अजून माझी पाठ सोडत नाही. खून नव्हता की दरोडा नव्हता. पाण्याच्या एका मोटारीची चोरी. पण त्या चोरीत एका निरपराध बाईला तुरुंगाच्या दारापर्यंत मीच नेलं होतं, म्हणून सांगतो.

मी तेव्हा बीड जिल्ह्यात फौजदार होतो. सलग तिसरं दुष्काळी साल. हद्दीतल्या एका गावात महिलांची दूध संस्था होती. संस्थेच्या विहिरीत तळाला थोडं पाणी होतं, त्यावर गावची जनावरं तगली होती. सगळं गाव घाटनांदूरच्या बाजाराला गेलं त्या दिवशी विहिरीवरच्या खोलीतून नवी मोटार गेली. कुलूप शाबूत.

फिर्याद द्यायला संस्थेचा सचिव आला. खोलीची किल्ली एका संचालक बाईकडे असते, एवढंच तो बोलला. पुढचं आमच्या खबऱ्यानं सांगितलं. त्याचं विहिरीसमोरच्या फाट्यावर चहाचं हॉटेल होतं. "साहेब, बाईनंच कुलूप काढलं. टेम्पो उभा होता. मी डोळ्यानं पाह्यलंय."

बाई पन्नाशीची, विधवा, दोन म्हशींवर घर चालवणारी. संस्था महिलांची, म्हणून कागदोपत्री तिला संचालक केलेलं, कारभार सगळा सचिवाच्या हातात. महिला शिपाई शेजारी बसवून मी विचारपूस सुरू केली.

"मावशी, कुलूप तुम्ही काढलं?"

"हो साहेब."

"मोटार तुमच्यासमोर टेम्पोत चढली?"

"हो साहेब."

"म्हणजे चोरी तुम्हीच केली."

तिनं पदर डोक्यावर ओढला. "हो साहेब."

मी खूश. मोटार कुठं विकली म्हटल्यावर मात्र ती फरशीकडे बघत बसली. बाई पक्की आहे, असा शेरा मी मारला. टेम्पो सापडला नाही, मुद्देमाल मिळाला नाही. मोटार भंगारात गेली असेल असं धरून चाललो आणि दोषारोपपत्र पाठवून मोकळा झालो. तपास कसला, पाट्या टाकल्या.

काही महिन्यांनी दुसऱ्या एका खटल्यात साक्ष द्यायला कोर्टात गेलो, तर ही बाई व्हरांड्यात एकटीच बसलेली. त्या दिवशी तिचीही तारीख होती.

"वकील केला का, मावशी?"

"न्हाई. पहिल्या तारखेला जज साहेबांनी इचारलं, सरकारी खर्चानं वकील देऊ का. म्हणलं नको. माझ्यापायी सरकारला कशाला खर्च?"

"मग आत काय सांगणार?"

"तुमी सांगाल ते." मग हळूच म्हणाली, "मी आत गेले तर म्हशीला पाणी कोण पाजील, साहेब?"

हे काही चोराचं बोलणं नव्हे. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मोटार गेली त्या दिवशी पाऊस लई होता ना?"

"हो साहेब."

पाऊस! ज्या साली माणसं टँकरमागं धावत होती त्या साली पाऊस! मी गार पडलो. 'कुठं विकली' हा एक सोडला तर या बाईला मी एकही प्रश्न असा विचारला नव्हता, ज्याला ती 'हो'शिवाय दुसरं काही म्हणेल. तेवढ्यात शिपायानं तिच्या नावाचा पुकारा केला.

मी मागोमाग आत शिरलो. न्यायाधीशांनी आरोप वाचून, समजावून सांगितला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?"

बाईनं उजवा हात वर केला. "मंजूर."

लिपिक लिहायला वाकला. एकदा ते कागदावर आलं की शिक्षा ठरलेलीच. मी सरकारी वकिलांच्या कानाशी लागलो. ते चिडले. "अहो, केस तुमची, आणि तुम्हीच मोडता?"

"मोडतो. आधी थांबवा."

त्यांनी नाइलाजानं उठून साहेबांना विनंती केली. साहेबांनी चष्मा काढला. "बाई, मंजूर म्हणजे काय, कळतं का?"

"मीटिंगला वर बसलेले इचारतात, आमी हात वर करून मंजूर म्हणतो. मग घरी जाऊ देतात."

कोर्टात कुणी हसलं नाही. साहेबांनी कबुली घेतली नाही. तिला काही न विचारता वकील नेमला आणि पुढची तारीख दिली.

वकील नवखा होता, पोरसवदाच. माझ्यादेखतच बाकावर तिच्याशेजारी बसून त्यानं पहिलाच प्रश्न केला, "कुलूप कुणाच्या सांगण्यावरून काढलं?"

"सचिवाच्या. म्हणले, मोटार दुरुस्तीला न्यायची, टेम्पो पाठवतो, चढवून द्या. मीटिंगमधी मंजूर झालंय."

मी वरिष्ठांपुढं चूक कबूल केली आणि पुढील तपासासाठी कोर्टात अर्ज दिला. मोटार सचिवाच्या मेव्हण्याच्या मळ्यात सापडली. गावची जनावरं हौदाशी हंबरत होती आणि ती मोटार तिकडं मोसंबीला पाणी देत होती. सचिव आत गेला. बाई सुटली.

कबुली मिळाली की पोलिसाला झोप लागते. माझी त्यानंतर उडायला लागली. गरीब माणूस खुर्चीपुढं 'हो' म्हणतो तेव्हा बऱ्याचदा तो फक्त घरी जायची परवानगी मागत असतो. त्याच्या बाजूनं प्रश्न विचारणारा कुणीतरी शेजारी लागतो. मी पुढं ज्याला वकील नव्हता अशा आरोपीला आधी त्याबद्दल सांगायचो, मग वही उघडायचो. सहकारी मला वेड्यात काढायचे.

सुटल्याच्या दिवशी ती एसटीची वाट बघत उभी होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, सचिवाचं नाव मला पहिल्याच दिवशी का सांगितलं न्हाई?"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे, नवल वाटल्यासारखं.

"तुमी कुठं इचारलं, साहेब?"